सोळा किलो लोखंड

विलास, तू लबाडी केली नव्हतीस. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण मला पाल्हाळ लावायची सवय आहे आणि पाल्हाळात मुद्दा राहून जातो, असं तूच म्हणायचास. तू लबाडी केली नव्हतीस आणि तुला लबाड म्हणणारा मी होतो. भरल्या शेडमध्ये, क्लबातल्या सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. ते शब्द तू असेपर्यंत मी मागे घेतले नाहीत. उद्या रविवार आहे. तू गेल्यानंतरची पहिली शर्यत उद्या आहे आणि शर्यतीआधी वजनं करायला काट्यापाशी मीच उभा राहणार आहे. तिथंच, त्याच माणसांसमोर, ते मागे घ्यायचं ठरवलंय. त्याआधी तुझ्याशी बोलून घेतो. तू मध्ये तोंड घालणार नाहीस, एवढी एकच सोय झाली आहे.

आपली ओळखही काट्यावरचीच. घोडेगावात माझा वजनकाटा, भिंगारला तुझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारींचं भंगार टेम्पोत भरून तू आला होतास. भरलेल्या टेम्पोचं वजन झालं, रिकाम्याचं झालं, पावती तुझ्या हातात दिली, तरी तू हलेना. म्हणालास, “आनखी एकदा करा.” मला राग आला. वीस वर्षं मी काट्यावर बसतोय, कांदा म्हणू नका, ऊस म्हणू नका, बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग रस्त्यावर जाते, पण माझ्या पावतीवर कुणी बोट ठेवलेलं नाही. मी पुन्हा वजन केलं. तेवढंच भरलं. मी म्हणालो, “माझा काटा चुकत नाही.” तू खिडकीतून आत डोकावलास आणि म्हणालास, “तेच बघत हुतो. आमाला असाच मानूस पायजे. रविवारी काय करता तुमी?”

रविवारी मी काहीच करत नव्हतो. इतर वारी तरी काय करत होतो म्हणा. खिडकीशी बसायचं, आकडा बघायचा, पावती फाडायची. दुनियेची वाहनं माझ्यासमोरून जायची आणि मी जागचा हलायचो नाही. एकोणपन्नास वर्षांचा त्र्याण्णव किलोचा माणूस मी. तू मला ‘गाड्यांची शर्यत’ म्हणालास तेव्हा मला बैलगाड्यांची वाटली.

केडगावच्या पुढं बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजचं आवार. सिमेंटचं ऐसपैस अंगण, त्यावर लाल-पांढरे रंगवलेले जुने टायर मांडून वळणं आखलेली. आणि शेडमध्ये रशीदभाईंनी त्यांच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शॉपात बनवलेल्या नऊ गाड्या. गाड्या कसल्या, लोखंडी पाइपांची चौकट, चार बुटकी चाकं, जमिनीपासून चार बोटांवर सीट, पाठीला जुन्या मोटारसायकलचं इंजिन. छप्पर नाही, दार नाही, आरसा नाही. तू म्हणालास, “ह्याला गो-कार्ट म्हनत्यात. नुसतं कार्ट म्हन.” पहिल्याच दिवशी तू ‘तुमी’वरून ‘तू’वर आला होतास, आणि मला ते खटकलं नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

माझी भरती ड्रायव्हर म्हणून झालेली नव्हती. तुमचं दुखणं वेगळंच होतं. कार्टच्या शर्यतीत हलका माणूस पुढं जातो आणि जड माणूस मागं राहतो, त्यामुळे नियम असा की प्रत्येकाचं वजन निदान पंच्याऐंशी किलो भरलं पाहिजे. ज्याचं कमी, त्यानं उरलेलं लोखंड घेऊन बसायचं. रशीदभाईंनी प्रत्येक सीटच्या खाली त्यासाठी पेटी वेल्ड केलेली. लोखंड म्हणजे किराणा दुकानातली जुनी मापं. दुकानदारांनी इलेक्ट्रॉनिक काटे घेतले आणि मापं भंगारात काढली, ती तू भिंगारच्या बाजारातून गोळा करून आणली होतीस. अर्ध्या किलोपासून पाच किलोपर्यंत. सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून ती पेटीत ठासायची, म्हणजे खडखडत नाहीत. सगळं झकास होतं, फक्त वजनं अंदाजानं व्हायची, आणि दर रविवारी शर्यतीआधी एक भांडण व्हायचं. मी कांद्याच्या व्यापाऱ्याकडून एक प्लॅटफॉर्म काटा आणला, शेडच्या भिंतीवर खडूनं सगळ्यांची नावं लिहिली, आणि दर रविवारी नावाखाली त्या दिवशीचं वजन लिहायला लागलो. भांडणं बंद झाली. रूपाली, जी रोपवाटिका चालवते आणि तुम्हा सगळ्यांना धूळ चारते, ती मला म्हणाली होती, “काका, तुम्ही आल्यापासून शर्यतीत मजा कमी झाली बघा.” पण तिलाही माझा काटा मान्य होता.

मग दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी तू मला कार्टात बसवलंस. बसवलंस म्हणजे कोंबलंस. माझं पोट आणि स्टिअरिंग यांच्यात पंचांगाएवढी जागा उरली होती. पहिल्या वळणाला मी ब्रेक दाबला, कार्ट भिंगरीसारखं फिरलं आणि टायरांना पाठ लावून थांबलं. तू आरामात चालत आलास, कार्टाभोवती एक फेरी मारलीस, चाकं बघितलीस, साखळी बघितलीस आणि म्हणालास, “गाडी बरोबर हाय. तूच उलटा हायेस.” त्यानंतर तू जे सांगितलंस ते मी कधी विसरलो नाही, पाळलं मात्र नाही. “ब्रेक वळनाच्या आधी. वळनात घुसल्यावर ब्रेकला हात लावायचा न्हाई, पाय लावायचा न्हाई, इचारसुदिक लावायचा न्हाई.”

त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या माणसाला जमिनीच्या इतकं जवळून पळवणं हे औषध आहे की वेड, ते मला अजून कळलेलं नाही. साठच्या वेगाला तिथं दीडशे वाटतं. सिमेंटवरचा खडा न् खडा दिसतो. मेंदूत कांद्याचे भाव, हप्ते, पाहुणे, काही म्हणून शिरत नाही. हे मला तू दिलंस. माझ्या बापानं मला काटा दिला, तू मला रविवार दिलास, आणि मी तुला त्याबद्दल एकदाही काही म्हणालो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती. तू काही चांगलं केलंस की मी तुझ्या हेल्मेटला टपली मारायचो, एवढंच.

आपला रविवार भिंगारपासून सुरू व्हायचा. मी घोडेगावहून मोटारसायकलवर यायचो, तुझ्या दारात हॉर्न द्यायचो, अलका वहिनी आतून ओरडायची, “आले बघा तुमचे काटेवाले,” आणि तू हेल्मेट हातात घेऊन, एका पायात चप्पल घालत बाहेर. मग केडगावपर्यंत तू मागं बसून माझ्या कानात तिसऱ्या वळणाचा वाद घालायचास. तिसरं वळण आधी रुंद आणि पुढं चिंचोळं. तुझं म्हणणं, तिथं ब्रेक लवकर मारायचा, पहिल्या टायरपाशीच, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गाडी मोकळी सुटते. माझं म्हणणं, माझ्या अंगावर आठ किलो जास्तीचे आहेत, मी लवकर ब्रेक मारला तर पुन्हा वेग घेईपर्यंत सगळे निघून जातात, म्हणून मी उशिरा मारणार. हॉटेलात मिसळ खाताना तू रश्शात बोट बुडवून टेबलावर ते वळण काढायचास. मालक फडकं घेऊन यायचा आणि वळण पुसून टाकायचा. तू पुन्हा काढायचास. दोन वर्षं हा वाद चालला. तू माझ्यापेक्षा जास्त वेळा जिंकलास हे खरं, पण त्यावरून तुझं म्हणणं बरोबर होतं असं सिद्ध होत नाही, हे मी आजही सांगतो.

आता ते सांगायला हवं.

तू पहिल्यांदा माझ्या काट्यावर उभा राहिलास तेव्हा अठ्ठ्याहत्तर भरला होतास. सात किलो लोखंड. मोजायला सोपं, एक पाचाचं माप आणि एक दोनाचं. दोन वर्षं तू त्याच्या आसपासच राहिलास. मग या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सत्त्याहत्तर झालास. मग पंच्याहत्तर. मी म्हणालो, “वहिनी उपाशी ठेवते काय?” तू म्हणालास, “उन्हानं जेवन जात न्हाई.” पुढच्या खेपेला चौऱ्याहत्तर. पेटीत अकरा किलो गेले. मोटारसायकलवर तू मागं बसायचास तेव्हा मला मध्येच शंका यायची की तू आहेस की सिग्नलला उतरलास, आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. तू माझ्या पाठीत गुद्दा मारलास. त्या गुद्द्यात पूर्वीचा जोर नव्हता, हे मला आज आठवतंय. तेव्हा मी हसलो होतो.

एकाहत्तर झालास आणि तू जिंकायला लागलास. सारखा. रूपालीला मागं टाकलंस, जे त्याआधी तुला कधी जमलं नव्हतं. तिसऱ्या वळणातून तुझं कार्ट रुळावरून गेल्यासारखं जायचं. आणि इथं माझं डोकं चालायला लागलं. वजनाचा माणूस मी, वजनाचाच विचार करणार. माणसाचं वजन छातीत, खांद्यात, वरच्या अंगाला असतं. पेटीतलं लोखंड जमिनीला टेकल्यासारखं खाली. दोघांचं मिळून पंच्याऐंशी, पण ज्याच्या अंगावर कमी आणि पेटीत जास्त, त्याचं कार्ट वळणात जमीन धरून राहतं. हिशेब पक्का होता. रशीदभाईंना विचारलं, तेही म्हणाले, “बात बरोबर हाय, सुदामभाऊ.” आणि मी ठरवून टाकलं की तू मुद्दाम जेवण तोडलंयस. माझे आठ किलो काही केल्या उतरत नव्हते, आणि तू मात्र शर्यतीसाठी सरळ वाळून दाखवत होतास. मला तुझा हेवा वाटला, विलास. हे लिहायला मला काही वाटत नाही, कारण ते खरं आहे आणि त्याहून वाईट गोष्ट पुढं आहे.

तुझी शेवटची शर्यत. काट्यावर एकोणसत्तर. भिंतीवर तुझ्या नावाखाली मी खडूनं एकोणसत्तर लिहिलं, सोळा किलो लोखंड मोजून पेटीत भरलं. पेटीचं झाकण लागेना. तूच गुडघ्यानं दाबलंस आणि मी बोल्ट आवळला. तू जिंकलास. मी शेवटून दुसरा आलो. शेडमध्ये सगळे तुझ्याशी हात मिळवत होते आणि मी म्हणालो, “ह्यात कसलं जिंकणं? उपाशी राहून लोखंडाच्या जिवावर जिंकतोय हा. ही सरळ लबाडी आहे.” शेडमध्ये आठ माणसं होती. तू हेल्मेट काढलंस. तुझ्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता, चेहरा पिवळट दिसत होता, आणि तू हसलास. म्हणालास, “वजन तूच केलं ना? मग बरोबर आसल.”

हे तू उपरोधानं म्हणालास असं मी धरून चाललो. परतीच्या वाटेवर तुला भिंगारला सोडलं, एक शब्द बोललो नाही. पुढच्या रविवारी मी तुझ्या दारात हॉर्न दिला नाही. सरळ केडगावला गेलो. तू आला नाहीस. मी मनात म्हटलं, रुसलाय, बसू दे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी शर्यत संपल्यावर वहिनीचा फोन आला. तू नगरच्या दवाखान्यात होतास.

मी आलो तेव्हा तू जागा होतास. तुझ्याकडं बघून मला जे कळलं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पोटातला आजार, खूप दिवसांचा, आता फार काही करण्यासारखं नाही. खोलीत आपण दोघंच होतो, वहिनी औषधं आणायला गेली होती. अर्धा तास तरी असेल. माफी मागायला दोन मिनिटं लागतात. मी काय केलं, तर तुझ्या पांघरुणाचं टोक नीट केलं, पंख्याचं बटन फिरवलं, खिडकी उघडली. शेवटी तूच बोललास. “तिसऱ्या वळनाला ब्रेक कुठं मारतो आता?” मी म्हणालो, “पहिल्या टायरपाशी.” तू डोळे मिटून मान हलवलीस, गडी एकदाचा सुधारला म्हणून. मी खोटं बोललो होतो. मी अजून उशिराच मारतो. आणि जे खरं बोलायचं होतं ते वहिनी येईपर्यंत माझ्या तोंडातच राहिलं. नवव्या दिवशी तू गेलास.

तुझ्या तेराव्याला मी भिंगारला आलो. पंगती उठल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसली. मी तिला सांगायलाच आलो होतो, त्या दिवशी मी काय बोललो ते. त्याआधी तीच बोलायला लागली. “मी दोन महिने मागं लागले हुते, दवाखान्यात चला, तपासून घ्या. तर म्हनायचे, दर रविवारी सुदाम वजन करतो की माझं. त्याचा काटा चुकत न्हाई. काय वाईट आसल तर तो बोलल.” तिनं हे दोष द्यायला सांगितलं नव्हतं. तुझा माझ्यावर किती विश्वास होता ते सांगायला सांगितलं होतं. मी उठून मोरीपाशी गेलो, उगाच हात धुतले. मग परत येऊन बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला म्हनले न्हाईत ते असलं काही.” मग म्हणाली, “जिंकलेलं मात्र सांगितलं हुतं. सोळा किलो घेऊन जिंकलो म्हनले.”

आता तुलाही दोन शब्द ऐकवतो, कारण सगळं माझ्या माथ्यावर घ्यायला मी काही साधू नाही. तू गाढव होतास, विलास. लोकांच्या जळालेल्या मोटारी उघडून तू पाच मिनिटांत सांगायचास की कुठली वाइंडिंग गेलीय. स्वतःच्या पोटात दुखत होतं, अन्न नको होत होतं, पँटला दोरी बांधायची वेळ आली होती, आणि तू ते सगळं एका काटेवाल्यावर सोपवून मोकळा झालास. मी वजन सांगतो. वजन का उतरलं हे सांगणारी माणसं वेगळी असतात, पांढरे डगले घालून बसतात, तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर बसतात. तुला ते माहीत होतं. तू घाबरलास आणि माझ्या काट्यामागं लपलास, असं मला वाटतं. हा वाद तुझ्याशी समोरासमोर घालायचा होता. मिसळ समोर ठेवून घातला असता आणि तू निरुत्तर झाला असतास.

पण तुझं चुकलं म्हणून माझं बरोबर ठरत नाही. काल संध्याकाळी मी एकटाच शेडवर जाऊन आलो. भिंतीवर खडू तसाच आहे. बाकीच्यांचे आकडे थोडे वर, थोडे खाली, पुन्हा वर. तुझ्या नावाखाली जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसे ते उतरत गेलेत. अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर, पंच्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, एकोणसत्तर. सगळे माझ्या अक्षरात. एकेका आकड्यासमोर मी पेटीत किती लोखंड घालायचं याचा विचार केला. तू कुठं चाललास याचा केला नाही. वीस वर्षं मी गाड्या मोजल्या, त्यांत भरलेलं काय आहे याच्याशी मला कर्तव्य नव्हतं, आणि तीच सवय मी माणसावर वापरली. एवढा साधा माझा गुन्हा आहे. तो नीट उमजलाय, त्यामुळे उद्या बोलताना मी अडखळणार नाही.

इथवर शनिवारी लिहिलं होतं. आज रविवार, दुपार झालीय, मी केडगावहून परत आलोय.

सगळे आले होते. शर्यतीआधी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं होतं, तसे उभे राहिलो. मग मी म्हणालो, “विलासला मी इथं लबाड म्हणालो होतो. तो आजारी होता. आजारानं वजन उतरत होतं आणि मी ते लबाडीच्या खात्यात धरलं. ते मी मागं घेतो. तो जिंकला होता, सोळा किलो घेऊन, तसल्या अंगानं, आणि आपल्यातल्या एकालाही जमणार नाही असं चालवून जिंकला होता.” आवाज बसला नाही. रशीदभाई म्हणाले, “सुदामभाऊ, भिंतीवर तर लिहिलेलं हुतं. आमी बी सगळ्यांनी बघितलं.” ते मला हलकं करायला म्हणाले. मी म्हणालो, “बघितलं तुम्ही. लिहीत मी होतो.” मला वाटलं, हे झालं. मी काट्याचं बटन दाबलं आणि नावं पुकारायला लागलो.

चौथी रूपाली. हेल्मेट घालूनच काट्यावर चढली, घाईत होती. तुझ्यानंतर आता तिलाच जिंकायचंय ना. हेल्मेटचं वजन मी वजा केलं आणि भिंतीकडं बघितलं. गेल्या शर्यतीपेक्षा तीन किलो कमी. पूर्वीचा मी असतो तर तीन किलोची मापं उचलून तिच्या कार्टाच्या पेटीकडं निघालो असतो. मी म्हणालो, “काय होतंय तुला?”

“काही नाही हो. भावाचं लग्न आहे. डाएट करतेय.”

“भूक लागते? झोप येते?”

“काका, टाइम चाललाय. लोखंड द्या.”

“आधी डॉक्टरकडं जाऊन ये. रक्त तपासून घे. त्यांनी सगळं ठीक म्हटलं की पुढच्या रविवारी पाहिजे तेवढं लोखंड देतो.”

ती काट्यावरून उतरली आणि माझ्यावर उखडली. म्हणाली, तुम्हाला कुणी डॉक्टर केलं, सव्वीस वर्षांची बाई आहे मी, महिनाभर उपाशी राहिले तेव्हा कुठं तीन किलो उतरलेत, तुम्हाला उतरवता येत नाहीत म्हणून दुसऱ्यावर राग काढता, आणि आज मी चालवणारच. रशीदभाई मध्ये पडायला लागले, त्यांना मी हातानं थांबवलं. ती खरंच डाएट करत असेल. नव्वद टक्के तसंच असणार. मापं ठेवायच्या मोठ्या पेटीचं झाकण मी लावून टाकलं आणि त्यावर बसलो. तुला माहीत आहे, मी बसलो की मला उठवणं अवघड असतं.

मग ती म्हणाली, “विलासकाकांना म्हणाला होतात का असं? त्यांना थांबवलं होतं का?”

शेडमध्ये इंजिनं बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी म्हणालो, “नाही.”

तिनं हेल्मेट काढलं, बाकावर ठेवलं आणि विचारलं, “कुठल्या डॉक्टरकडं जाऊ?”